पॅड नवे टाकले, तरी ब्रेकचं पेडल मऊ का लागतं?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर

पॅड बदलून गाडी घरी गेली की दुसऱ्या दिवशी हा फोन ठरलेला: "भाऊ, पॅड तर नवे टाकले ना, मग पेडल खाली कायले जाऊन राहिलं?" प्रश्न रास्त आहे. पण मऊ म्हणजे नेमकं कसं मऊ, हे कळल्याशिवाय आम्हालाही उत्तर देता येत नाही.

नवे पॅड जाड असतात. ते बसवायला कॅलिपरमधला, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागातला, पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे दाबावा लागतो, त्यामुळे पहिले दोन-चार दाब पोकळ जातात. गाडी हाती देण्याआधी पेडल पंप करून घेणं आमचं काम. घरी स्वतः पॅड बदलणाऱ्यांनी हे विसरू नये, नाहीतर गाडी रिव्हर्स घेताना फाटकच ब्रेकचं काम करतं.

पेडल कडक आहे पण गाडी उशिरा थांबते, ही वेगळी तक्रार. नवा पॅड जुन्या डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर) अजून बसलेला नसतो. पहाटे आउटर रिंग रोडवर, मागे कोणी नाही असं पाहून, ५० च्या वेगावरून १० पर्यंत आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावा. मध्ये थोडं अंतर चालवून ब्रेक थंड होऊ द्या.

पार्किंगमध्येच करून पाहा

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल जरासं खाली गेलं तर घाबरू नका, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नीट चालतो आहे. आता चालू इंजिनवर अर्धा मिनिट एकसारखा दाब ठेवा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑईल पुढे ढकलणाऱ्या भागाचं) सील आतून सोडतं आहे किंवा ऑईल कुठेतरी गळतं आहे. अशी गाडी कोपऱ्यापर्यंतही चालवू नका.

दोन-तीन पंपांत पेडल वर येतं आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली जातं, असं असेल तर मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक बघावे लागतात. बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतात. त्यांचं ॲडजस्टमेंट ढिलं असलं की पुढे कितीही नवे पॅड टाका, पेडल खोलच जाणार. वाकडी डिस्कही पॅडला मागे ढकलते.

पेडल प्रत्येक वेळी चेंडू दाबल्यासारखं लागत असेल, तर जो तो सांगतो, "हवा काढून घ्या." आम्ही आधी विचारतो, हवा शिरली कुठून? फक्त पॅड बदलले आणि ऑईलची लाईन उघडलीच नाही, तर हवा आपोआप येत नाही. कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल सैल केला होता का, बोनेटखालच्या डब्यातलं ब्रेक ऑईल तळाला गेलं होतं का, हे तपासायचं. तसं नसेल तर फुगणारा जुना होज (ऑईलची रबरी नळी), अडकलेल्या स्लाईड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) किंवा तिरका बसलेला पॅड, यांतच बहुधा चोर सापडतो. एक गंमत सांगतो. दोन्ही कॅलिपर काढून डावा-उजवा अदलाबदल करून बसवले, तर निपल खालच्या बाजूला येतो आणि हवा वरच अडकते. मग बाटलीभर ऑईल ओता, पेडल मऊ ते मऊच.

ऑईलबद्दल

नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाने ब्रेक ऑईल उकळत नाही. ते हवेतली ओल शोषतं, आणि खरं नुकसान तिथे होतं. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑईलची प्रत) ऑईलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओल धरल्यावर किमान १५५. चिखलदऱ्याचा घाट पायाखाली ब्रेक धरूनच उतरलात तर जुन्या ऑईलची वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑईल बदला. डब्याच्या झाकणावर जो डॉट लिहिला असेल तोच टाका.

पॅड झिजत आले की डब्यातली पातळी उतरते. तेव्हा वरून ऑईल भरू नका. नवे पॅड टाकताना ते उतू जाऊन बोनेटखालचा रंग खातं.

फोन करताना पेडल कोणत्या दाबाला, इंजिन चालू असताना की बंद असताना खाली जातं, तेवढं सांगा. पेडल तळाला टेकत असेल तर गाडी आणू नका, आम्हीच येतो.