साडेवीस ग्रॅमचा हिशेब

जुलाबात पाण्यात विरघळवून देतात ती ओआरएसची पुडी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला की चार आकडे दिसतात: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम. बेरीज साडेवीस. खाली सूचना असते, एक लिटर पाण्यात विरघळवा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये स्वीकारलेलं हे सूत्र आहे. साखर मिठाच्या पाचपट का आणि सायट्रेट तीन ग्रॅमला जरासं कमी का, हे नुसत्या ग्रॅमांवरून उलगडत नाही. आतड्यात जे काही घडतं ते कणांच्या संख्येवर ठरतं, आणि ग्रॅमांवरून संख्या काढायची तर प्रत्येक कणाचं वजन ठाऊक हवं.

बँकेत नाण्यांची पिशवी तोलून किती नाणी आहेत ते सांगता येतं, कारण एका नाण्याचं वजन ठरलेलं असतं. रसायनशास्त्रात हेच काम अणुवस्तुमान करतं. कार्बन १२.०११, हायड्रोजन १.००८, ऑक्सिजन १५.९९९. ग्लुकोजच्या रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन. म्हणजे ७२.०६६ अधिक १२.०९६ अधिक ९५.९९४, एकूण १८०.१६. इतके ग्रॅम ग्लुकोज घेतलं की त्यात एक मोल रेणू असतात. मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात एवढी संख्या. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या थेट या संख्येवरच बांधलेली आहे. त्याआधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंच्या संख्येवर टेकलेली होती.

आता पुडीकडे वळू. १३.५ भागिले १८०.१६ म्हणजे ०.०७५ मोल, अर्थात ७५ मिलीमोल ग्लुकोज. मिठाचं सूत्रवस्तुमान ५८.४४, म्हणून २.६ ग्रॅममध्ये ४४.५ मिलीमोल सोडियम आणि तेवढंच क्लोराइड. सायट्रेटचं २९४.१, म्हणजे २.९ ग्रॅममध्ये जेमतेम १० मिलीमोल. पण त्याच्या प्रत्येक कणामागे तीन सोडियम असतात, त्यामुळे आणखी ३० मिलीमोल सोडियम. पोटॅशियम क्लोराइडचं ७४.५५, म्हणून पोटॅशियम २० आणि क्लोराइड आणखी २०. एकत्र मांडलं की सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. ग्रॅममध्ये कसलाच मेळ न बसणारे आकडे मिलीमोलमध्ये आणले की सोडियम आणि ग्लुकोज बरोबरीला येतात. एकूण कण २४५ मिलीमोल प्रतिलिटर.

ही बरोबरी मुद्दाम साधलेली आहे. लहान आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजला सोडियमसोबतच आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यात आतड्याची बाकीची यंत्रणा बिघडली तरी हा मार्ग शाबूत राहतो. (खरं तर हे प्रथिन एका ग्लुकोजमागे दोन सोडियम उचलतं; पण आतड्याच्या रसातही सोडियम असतंच, त्यामुळे पुडीत दुप्पट भरायची गरज पडत नाही.) सूत्राचे निकष असे आहेत: ग्लुकोज सोडियमपेक्षा कमी नको आणि १११ मिलीमोलच्या वर नको, सोडियम ६० ते ९०, एकूण कण २०० ते ३१०. रक्तात ही एकूण संख्या साधारण २९० असते. द्रावण त्याहून पातळ असलं की पाणी आतड्यातून रक्ताकडे सहज सरकतं. १९७५ च्या जुन्या सूत्रात एकूण ३११ होते. २००२ मध्ये ते २४५ वर आणलं, कारण पातळ द्रावणानं जुलाब आणि उलट्यांचं प्रमाण कमी राहतं असं चाचण्यांत दिसलं होतं.

या हिशेबाचा पाया म्हणजे अणूंची वजनं, आणि तीच मिळवायला रसायनशास्त्राला अर्धशतक लागलं. अणू म्हटलं की आपल्याकडे कणाद आठवतात; पण कणादांच्या परमाणूला किंवा ग्रीकांच्या अणूला कुणी आकड्यात वजन लावलेलं नव्हतं. जॉन डाल्टननं १८०३ मध्ये ते लावलं, आणि तिथून अणू हा चर्चेचा विषय न राहता तराजूचा विषय झाला. हायड्रोजन १ धरायचा आणि बाकीचे त्याच्या पटीत मोजायचे, ही त्याची रीत. अडचण अशी की, पाण्यात ऑक्सिजन हायड्रोजनच्या किती पट वजनाचा आहे हे तराजू सांगतो, पण एका ऑक्सिजनमागे हायड्रोजनचे अणू किती हे सांगत नाही. डाल्टननं सोपं धरलं: एकास एक. त्याची मोजमापंही ढोबळ होती, म्हणून १८०८ मध्ये त्याच्या यादीत ऑक्सिजनचं वजन ७ छापलं गेलं. मोजमाप अचूक असतं तरी ८ च आलं असतं, १६ नाही. पुढे प्रत्येक रसायनशाळेत वेगळी वजनं आणि वेगळी सूत्रं चालू लागली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेनं १८६१ च्या पाठ्यपुस्तकात ॲसेटिक आम्लाची त्या काळी चालणारी १९ सूत्रं एकापाठोपाठ एक छापून दाखवली.

तोडगा आवोगाद्रोनं १८११ मध्येच सुचवला होता: एकाच तापमानाला आणि दाबाला, सारख्या आकारमानाच्या कोणत्याही वायूत रेणूंची संख्या सारखी असते. तो कामाला लावला इटलीच्या स्तानिस्लाओ कानिझ्झारोनं, १८५८ मध्ये. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. हायड्रोजन वायूच्या रेणूचं वजन २ धरायचं आणि त्याच आकारमानाचे इतर वायू तोलायचे. हायड्रोजन क्लोराइडचा रेणू येतो ३६.५, त्यात क्लोरीन ३५.५. क्लोरीन वायूचा रेणू ७१. क्लोरोफॉर्मची वाफ ११९.५, त्यात क्लोरीन १०६.५. क्लोरीनचे हे सगळे आकडे ३५.५ चे पट आहेत, आणि ३५.५ पेक्षा कमी क्लोरीन कुठल्याच संयुगाच्या रेणूत सापडत नाही. तेव्हा तेच क्लोरीनच्या अणूचं वजन. सूत्र आधी गृहीत धरावं लागत नाही, ते शेवटी आपोआप बाहेर पडतं. सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत या निबंधाच्या प्रती वाटल्या गेल्या. श्रोत्यांत पुढे आवर्तसारणी मांडणारा मेंडेलीव्ह होता.

क्लोरीनच्या साडेपस्तीसानं मात्र वेगळीच पंचाईत केली. सगळे अणू हायड्रोजनचेच बनलेले असावेत असं प्राउटनं १८१५ मध्ये मांडलं होतं. मग वजनात अपूर्णांक कुठून आला? उत्तर ॲस्टनच्या वस्तुमान वर्णपटलेखकानं, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणानं दिलं, १९१९ नंतर. क्लोरीनचा प्रत्येक अणू ३५.५ चा नसतोच. शंभरातले ७५.७६ अणू ३४.९६९ चे असतात आणि २४.२४ अणू ३६.९६६ चे. सरासरी काढून बघा, ३५.४५ येते. पुडीतल्या मिठात हे दोन्ही समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनांचे अणू) याच प्रमाणात आहेत. ३५.४५ ऐवजी सरळ ३५ धरलं असतं तर मिठाच्या हिशेबात पाऊण टक्क्याची चूक झाली असती. ओआरएसला त्यानं काहीही फरक पडत नाही, विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत पडतो.

पण स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बसलेलं पाणी, विसरणं ओआरएसलाही परवडत नाही. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या पुरेनात, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस आणि सहकाऱ्यांनी पुड्या बांधल्या: ग्लुकोज २२ ग्रॅम, साधं मीठ ३.५ ग्रॅम, खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम, एका लिटरसाठी. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. १९७५ च्या अधिकृत सूत्रात मात्र ग्लुकोज २० ग्रॅम आहे. मधले दोन ग्रॅम कुठे गेले? बाजारातलं स्वस्त ग्लुकोज मोनोहायड्रेट असतं. त्याच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू स्फटिकात बसलेला असतो, म्हणून वस्तुमान १८०.१६ ऐवजी १९८.१७. बावीस ग्रॅम त्याचे घ्या नाहीतर वीस ग्रॅम निर्जल, दोन्हींत १११ मिलीमोलच ग्लुकोज. आजच्या सूत्रातलं १३.५ निर्जलसाठी आहे. तुमच्या डब्यावर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर १४.८५ ग्रॅम तोलावं लागतं. सायट्रेटच्या नावातला ‘डायहायड्रेट’ही याचसाठी छापलेला असतो, निर्जल सायट्रेट त्याच वजनानं घेतलं तर ते सुमारे १४ टक्क्यांनी जास्त पडेल.

सोडा जाऊन सायट्रेट आलं त्याचं कारण साठवण. दमट, उष्ण हवेत सोडा आणि ग्लुकोज एकत्र राहिले की पुडी तपकिरी पडते आणि गठ्ठे धरते. बदल करताना आम्लता कमी करण्याची ताकद तेवढीच ठेवली. २.५ ग्रॅम सोडा म्हणजे ३० मिलीमोल बायकार्बोनेट. १० मिलीमोल सायट्रेटपासून शरीर प्रत्येकी तीन बायकार्बोनेट बनवतं, पुन्हा ३०.

एवढं काटेकोर सूत्र घरच्या पेल्यात एका क्षणात बिघडतं. अख्खी पुडी एका पेल्यात, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये टाकली की प्रत्येक आकडा पाचपट होतो. सोडियम ३७५, जे रक्तातल्या सोडियमच्या अडीचपटीहून जास्त आहे. एकूण कण १२२५. असं द्रावण उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं, आणि लहान मुलाच्या रक्तात सोडियम धोकादायकपणे वाढू शकतं. गोंधळाला निमित्तही आहे, कारण २०० मिलिलिटरसाठीच्या साधारण चार ग्रॅमच्या छोट्या पुड्याही दुकानात मिळतात आणि दिसायला तशाच असतात. पुडीवर छापलेलं पाण्याचं माप हाच तिच्या सूत्राचा अर्धा भाग आहे. भीतीपोटी दोन लिटरमध्ये पातळ केलं तर धोका तेवढा नाही, पण सोडियम ३७ वर येतं आणि औषधाचा उपयोग घटतो.

अर्धी पुडी अर्ध्या लिटरमध्ये हाही मोह टाळावा. कोरड्या मिश्रणात बारीक आणि जाड कण वेगळे होऊन थर धरतात. वरची अर्धी भुकटी साखरेची, खालची मिठाची निघू शकते. पुरतं विरघळलेलं द्रावण मात्र सगळीकडे सारखं असतं. म्हणून पूर्ण लिटर करावं आणि हवं तेवढं ओतून घ्यावं. पाणी उकळून गार केलेलं असावं. पुडी घातल्यावर पुन्हा उकळलं तर वाफेबरोबर पाणी जातं आणि संहती वाढते. एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली हे घरातलं सर्वांत विश्वासू माप. लिटरभर पाण्यात पुडी टाकल्यावर आकारमान दहाबारा मिलिलिटरनं वाढतं. प्रयोगशाळेत खुणेपर्यंत पाणी भरण्याचा काटेकोरपणा असतो, इथे एक-सव्वा टक्का खपतो. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यावं, साखरेच्या पाण्यात जिवाणू जोमानं वाढतात.

पुडी नसेल तेव्हा लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, पाच मिलिलिटरच्या चमच्यानं. साखर साधारण २५ ग्रॅम, वस्तुमान ३४२.३, म्हणजे ७३ मिलीमोल. आतड्यात तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, म्हणून ग्लुकोज पुन्हा ७३. मीठ तीनेक ग्रॅम, सोडियम ५१. चमचे शीग लावून भरले की मात्र हिशेब दीडपटीवर जातो. शीतपेयात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे फुटल्यावर ५८० मिलीमोलपेक्षा जास्त कण, आणि सोडियम नावापुरतं; जुलाबात ते देऊ नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, ती अशाच गोड खोक्यांसाठी. घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं, तेव्हा पुडी हाती येईपर्यंतच त्यावर भागवावं.