रॅब बटलर आणि १९४४चा शिक्षण कायदा: कलमांत काय होतं, काय नव्हतं

इंग्लंडमधल्या शाळांचा विषय निघाला की 'अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी करणारा बटलर कायदा' हे वाक्य हमखास कानावर येतं. प्रत्यक्षात त्या कायद्याची १२२ कलमं वाचली तर अशी परीक्षा कुठे सापडत नाही. ग्रामर (हुशार ठरलेल्यांची, पुस्तकी अभ्यासाची), टेक्निकल आणि सेकंडरी मॉडर्न (बाकीच्यांची) या तीन प्रकारच्या शाळांची ती प्रसिद्ध मांडणीही नाही. बटलर यांची खरी लढाई वेगळ्याच प्रश्नावर झाली. शाळेत कोणता धर्म शिकवायचा आणि त्या इमारतीच्या छपराचा खर्च कोणी द्यायचा, हा तो प्रश्न.

रिचर्ड ऑस्टिन बटलर, आद्याक्षरांवरून 'रॅब', यांचा जन्म ९ डिसेंबर १९०२ रोजी पंजाबात अटक इथे झाला. मराठी माणसाला अटक वेगळ्या कारणाने ठाऊक असतं, ते सोडा. वडील माँटेग्यू बटलर आयसीएस अधिकारी होते आणि पुढे १९२५ ते १९३३ या काळात मध्य प्रांताचे गव्हर्नर, म्हणजे मुक्काम नागपूर. सहाव्या वर्षी रॅब घोड्यावरून पडले, उजवा हात तीन ठिकाणी मोडला. उपचारात गरम पाण्याच्या पिशवीने तो भाजला आणि पुढे आयुष्यभर अधूच राहिला. महायुद्धाच्या पिढीत लष्करी अनुभव नसलेला पुढारी म्हणून त्यांना टोमणे बसले, त्याचं मूळ इथे आहे.

काका हार्कोर्ट बटलर यांची गोष्ट तर थेट आपल्याकडची. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात शिक्षण खातं पहिल्यांदा वेगळं झालं ते १९१० साली, आणि ते त्यांच्याकडे आलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा सरकारच्या बाजूने विरोधाची धुरा याच काकांनी वाहिली. गोखल्यांची मागणी बेताचीच होती: सहा ते दहा वयाचे मुलगे, तेही फक्त त्या भागात जिथे पुरेशी मुलं आधीच शाळेत जातात, आणि स्थानिक संस्थेची तयारी असेल तर. १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. बत्तीस वर्षांनी पुतण्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये शाळा सोडण्याचं वय पंधरावर नेणारा कायदा केला. दोन्ही घटनांचा कार्यकारणसंबंध काही नाही, पण घर एकच.

रॅब केंब्रिजमधून फ्रेंच आणि इतिहासात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले, तिथल्या युनियनचे अध्यक्ष झाले. १९२६मध्ये कापड उद्योगातल्या कोर्टोल्ड घराण्यातल्या सिडनीशी लग्न झालं आणि सासऱ्यांनी वर्षाला ५,००० पौंड लावून दिले, त्यामुळे पोटापाण्याची चिंता मिटली. १९२९पासून १९६५पर्यंत ते सॅफ्रन वॉल्डनचे हुजूर पक्षाचे खासदार होते. १९३२ साली भारतातल्या मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन समितीत ते होते, डॉ. आंबेडकरही त्याच समितीत होते. त्यानंतर भारत खात्याचे उपमंत्री म्हणून १९३५चा भारत सरकार कायदा कॉमन्समधून पार पाडण्याच्या कामात त्यांनी मोठा वाटा उचलला. शेकडो कलमांचं विधेयक, रोज दुरुस्त्या, स्वपक्षातूनच चर्चिल यांचा विरोध. किचकट विधेयक रेटण्याची तालीम त्यांना भारताच्या प्रश्नावर मिळाली.

जुलै १९४१मध्ये ते शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले. हे 'मंडळ' १८९९च्या कायद्याने स्थापन झालं होतं आणि त्याची बैठक कधीच भरली नव्हती. नाव मंडळाचं, काम एका मंत्र्याचं. युद्धाच्या ऐन धामधुमीत हे खातं म्हणजे अडगळीची खोली समजली जायची. खातं बॉम्बहल्ल्यांमुळे लंडनबाहेर बोर्नमथच्या एका हॉटेलात हललं होतं आणि तिथे अधिकाऱ्यांनी युद्धोत्तर शिक्षणाचा आराखडा लिहून ठेवला होता. हिरव्या मुखपृष्ठामुळे 'ग्रीन बुक' म्हणून ओळखला गेलेला हा दस्तऐवज कागदोपत्री गोपनीय होता. तो इतक्या संस्थांना पाठवला गेला की गोपनीयता हा विनोदच ठरला. बटलर आले तेव्हा सामग्री तयार होती, कमी होती ती राजकीय इच्छा. चर्चिल यांनी सप्टेंबर १९४१मध्ये लेखी कळवलं की युद्धकाळात नवं शिक्षण विधेयक नको, धर्माचा वाद तर मुळीच नको. बटलर यांनी पत्र वाचलं आणि काम चालू ठेवलं.

चर्चिल यांची भीती निराधार नव्हती. १८७०च्या फॉर्स्टर कायद्याने लोकनियुक्त स्कूल बोर्डं आली, पण आधीच्या चर्चच्या शाळाही राहिल्या, म्हणजे दुहेरी व्यवस्था. १९०२च्या बाल्फर कायद्याने चर्च शाळांचा चालू खर्च स्थानिक करांतून देण्याची सोय केली. इंग्लंडच्या अधिकृत, म्हणजे अँग्लिकन, चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांचा, म्हणजे नॉनकन्फॉर्मिस्टांचा, संताप झाला. आमच्या पट्टीतून दुसऱ्याचा धर्म का शिकवायचा, असं म्हणत हजारोंनी कर नाकारला, काही तुरुंगात गेले. पुढची चाळीस वर्षं कोणत्याही शिक्षणमंत्र्याला ही जखम उकरायची नव्हती.

पण ती न उकरता पुढे जाणंही शक्य नव्हतं. बहुतेक मुलं एकाच प्राथमिक शाळेत पाचव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत बसत. १९२६च्या हॅडो अहवालाने अकराव्या वर्षी शाळा बदलायला सांगितलं. त्यासाठी मोठ्या मुलांच्या वेगळ्या इमारती, प्रयोगशाळा, कार्यशाळा हव्यात. चर्चच्या निम्म्याहून जास्त शाळा छोट्या, जुन्या, खेड्यातल्या. बांधकामाचे पैसे चर्चकडे नाहीत, आणि चर्चच्या मालकीच्या इमारतीवर सरकारी पैसा घातला की १९०२ची पुनरावृत्ती. शाळा सोडण्याचं वय पंधरा करण्याचा कायदा १९३६मध्ये झालाही होता, अंमलाची तारीख होती १ सप्टेंबर १९३९. त्याच दिवशी जर्मनी पोलंडमध्ये घुसला आणि कायदा स्थगित झाला.

बटलर यांनी काढलेला तोडगा म्हणजे चर्चला दोन दारं ठेवणं. पहिलं दार 'कंट्रोल्ड' शाळेचं: सगळा खर्च स्थानिक शिक्षण प्राधिकरणाचा, व्यवस्थापनात दोन तृतीयांश माणसं त्यांची, एक तृतीयांश चर्चची. धर्माचा तास सर्व पंथांनी मिळून ठरवलेल्या अभ्यासक्रमाने. पालकांनी मागितल्यास आठवड्याला दोन तास पंथाच्या शिकवणीचे. दुसरं दार 'एडेड' शाळेचं: शिक्षकांचे पगार आणि चालू खर्च प्राधिकरणाचा, पण दोन तृतीयांश व्यवस्थापक चर्चचे आणि धर्मशिक्षण त्यांच्या मनासारखं. बदल्यात इमारतीचे फेरफार आणि बाहेरची दुरुस्ती यांचा निम्मा खर्च चर्चने उचलायचा.

हे साधं वाटतं, पण ताकद त्या 'निम्म्या'त होती. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांच्यासमोर बटलर यांनी मोडकळीला आलेल्या शाळांची सरकारी काळी यादी ठेवली. तीत बहुतांश शाळा चर्चच्या होत्या. निम्मा खर्चही झेपणार नाही हे टेंपल यांना आकड्यांवरून कळलं, आणि अँग्लिकन शाळांचा मोठा हिस्सा कालांतराने 'कंट्रोल्ड' झाला, म्हणजे भांडण न करता सार्वजनिक व्यवस्थेत आला. कॅथलिक मात्र अडून बसले. कार्डिनल हिन्सली यांनी नोव्हेंबर १९४२मध्ये टाइम्सला पत्र लिहिलं. चर्चिल यांनी ते कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून बटलर यांच्याकडे पाठवून दिलं, म्हणजे घ्या, अडकलात! कॅथलिकांनी शेवटपर्यंत संमती दिली नाही, पण जवळजवळ सगळ्या शाळा 'एडेड' करून खर्च सोसला. त्यांच्या रेट्यामुळेच सरकारी वाटा नंतर वाढत गेला: १९५९मध्ये ७५ टक्के, १९६७मध्ये ८०, १९७५मध्ये ८५.

नॉनकन्फॉर्मिस्टांची बाजू सांभाळायला बटलर यांच्याजवळ चुटर एड होते. मजूर पक्षाचे, स्वतः नॉनकन्फॉर्मिस्ट, आधी प्राथमिक शिक्षक असलेले उपमंत्री. या जोडीतल्या दुसऱ्या नावाला इतिहासात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

श्वेतपत्रिका जुलै १९४३मध्ये आली, विधेयक डिसेंबरात, राजाची संमती ३ ऑगस्ट १९४४ रोजी. फक्त एकदा गाडी अडकली. २८ मार्च १९४४ला हुजूर पक्षाच्याच थेल्मा कॅझलेट-कीर यांची, शिक्षिकांना शिक्षकांइतकाच पगार द्या, ही दुरुस्ती ११७ विरुद्ध ११६ मतांनी मंजूर झाली. चर्चिल यांनी तो विश्वासाचा प्रश्न केला आणि दोनच दिवसांत ४२५ विरुद्ध २३ मतांनी ती उलटवली. लग्न झालेल्या शिक्षिकेला नोकरीवरून काढण्याची प्रथा मात्र याच कायद्याने संपली.

कायद्याने दिलं ते असं: सरकारी व्यवस्थेतल्या माध्यमिक शाळांची फी बंद, शाळा सोडण्याचं वय १५ (प्रत्यक्षात १ एप्रिल १९४७पासून) आणि शक्य होईल तेव्हा १६ (ते १९७२मध्ये शक्य झालं). स्थानिक प्राधिकरणं ३१५वरून १४६. जेवण आणि दूध पुरवण्याची जबाबदारी. अठरापर्यंतच्या कामकरी मुलांसाठी अर्धवेळ 'काउंटी कॉलेजं' मात्र कागदावरच राहिली, त्यांना पैसा कधी मिळाला नाही. खासगी पब्लिक स्कूलचा प्रश्न बटलर यांनी फ्लेमिंग समितीकडे सोपवला. समितीने पाव जागा सरकारी मदतीच्या मुलांना द्याव्या असं सुचवलं, तोवर विधेयक जवळजवळ मंजूर झालं होतं. माझ्या मते ही टाळाटाळ जाणूनबुजून केलेली होती.

आता अकराव्या वर्षीच्या परीक्षेकडे. ती १९४४ची नव्हे. १९०७पासून अनुदानित माध्यमिक शाळांना साधारण पाव जागा फुकट ठेवाव्या लागत, आणि त्यासाठी अकराच्या आसपासची मुलं परीक्षा देत. १९४४मध्ये फी गेल्यावर सगळ्याच जागा फुकट झाल्या, म्हणून सगळीच मुलं परीक्षेला बसू लागली. कायद्याच्या कलम ८मध्ये एवढंच आहे की मुलांचं वय, क्षमता आणि कल यांना अनुरूप शिक्षण मिळेल इतक्या शाळा हव्यात. 'कल' म्हणजे काय, हे आधीच्या अहवालांनी भरून ठेवलं होतं. मुलांच्या बुद्धीचे तीन साचे असतात असं सांगणारा १९४३चा अहवाल सर सिरिल नॉरवुड यांच्या समितीचा, आणि बटलर मार्लबरो या शाळेत शिकत होते त्या काळात तिथले मुख्याध्यापक नॉरवुडच होते.

बिघडलं ते वाटपात. तीन प्रकारांपैकी टेक्निकल शाळांना यंत्रं आणि तज्ज्ञ शिक्षक लागतात. युद्धानंतर दोन्ही नव्हते, म्हणून त्या कधीच चार टक्क्यांच्या वर गेल्या नाहीत. उरल्या दोन: ग्रामर आणि सेकंडरी मॉडर्न, म्हणजे पास आणि नापास. ग्रामरच्या जागा किती, हे मुलाच्या हुशारीवर नव्हे, त्या जिल्ह्यात १९४४पूर्वी किती इमारती होत्या यावर ठरायचं. अनेक भागांत मुलींसाठी जागा कमी, म्हणून मुलींना जास्त गुण लागत. १९५१मध्ये ओ-लेव्हल ही शालान्त परीक्षा सुरू झाली तेव्हा किमान वय १६ ठेवलं. पंधराव्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मॉडर्नच्या मुलांना ती देताच येईना.

शाळांचे प्रकार न सांगता कायद्याने सोडलेल्या कोऱ्या जागेचा फायदा उलट बाजूलाही झाला. वेल्समधल्या अँगलसीने पन्नाशीच्या सुरुवातीलाच सगळ्या मुलांसाठी एकच, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, शाळा केली, लंडनमध्ये १९५४ला तशीच किडब्रुक शाळा उघडली, तेही याच कायद्याखाली, एक शब्द न बदलता. १९६५मध्ये मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री क्रॉसलंड यांना सर्वत्र कॉम्प्रिहेन्सिव्ह हव्या होत्या, त्यांनी नुसतं परिपत्रक काढलं, १०/६५. १९७०ला हुजूर पक्षाच्या शिक्षणमंत्री थॅचर यांनी दुसरं काढून ते रद्द केलं. सक्ती करायची वेळ आली तेव्हा मंत्र्याचं घोडं अडलं: १९७६च्या टेमसाइड परिषदेच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की निवडून आलेल्या स्थानिक परिषदेने ग्रामर शाळा ठेवायचं ठरवलं तर ते 'अवाजवी' म्हणून कलम ६८खाली मोडता येणार नाही. अभ्यासक्रमाबद्दल तर कायद्यात सक्तीचा विषय एकच होता, धर्मशिक्षण. गणित-विज्ञानाची सक्ती १९८८ला आली.

बटलर पुढे अर्थमंत्री, गृहमंत्री, परराष्ट्रमंत्री झाले. पंतप्रधानपद १९५७ला मॅकमिलन यांच्याकडे, १९६३ला डग्लस-होम यांच्याकडे गेलं. १९६५ ते १९७८ ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे मास्टर, म्हणजे प्रमुख, होते, ८ मार्च १९८२ला वारले. समान पगाराचं ते उलटवलेलं कलम मात्र त्यांच्याकडे एकदा परत आलं. १९५५च्या सुरुवातीला अर्थमंत्री म्हणून त्यांनी सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना टप्प्याटप्प्याने समान वेतन मान्य केलं, शिक्षिकांनाही तसंच मिळालं, आणि त्याचा शेवटचा हप्ता १९६१मध्ये पडला.