बुरशीमाशी (घरातील कुंड्यांतील)

द्विपंखी गणाच्या सायरिडी कुलातील, काळपट रंगाच्या व साधारणपणे दोन ते चार मिलिमीटर लांबीच्या माशा. सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेल्या आणि सतत ओलसर राहणाऱ्या मातीत त्यांची पैदास होते. घरात त्या आढळल्या की त्यांना चिलटे किंवा घुंगुरटी म्हटले जाते, आणि अनेकदा डासच समजून हवेत फवारा मारला जातो. कीड मात्र हवेत नसून मातीत असते, आणि तिच्या नियंत्रणाचे जे उपाय खऱ्या अर्थाने लागू पडतात ते सर्व मातीशी संबंधित आहेत.

ओळख : या माशीचे शरीर सडपातळ, पाय लांब आणि शृंगिका (डोक्यावरील स्पर्शेंद्रिये) मण्यांच्या माळेसारख्या अनेक खंडांच्या असतात. पंख धुरकट असून त्यांवर मध्यभागी वाय अक्षराच्या आकाराची दुभंगलेली शीर दिसते. भिंगाखाली ही खूण पटकन ओळखता येते. माशीचे उड्डाण दुबळे असते. कुंडी हलवली किंवा पाणी घातले की ती मातीवरून उठते, थोडी भिरभिरते आणि पुन्हा मातीवर किंवा कुंडीच्या काठावर येऊन बसते. ती चावत नाही व माणसांत रोग पसरवत नाही. पिकलेल्या केळ्यांभोवती जमणारी लाल डोळ्यांची ड्रॉसोफिला, मोरीच्या जाळीतून निघणारी केसाळ पंखांची पतंगमाशी आणि हरितगृहात शैवालावर वाढणारी, आखूड शृंगिकांची व पंखांवर पांढुरके ठिपके असलेली शैवालमाशी यांच्याशी तिची गल्लत होते. व्हिनेगरच्या वाटीत मेलेल्या माशा बहुतेक वेळा ड्रॉसोफिला असतात; त्यावरून कुंडीतला उपद्रव आटोक्यात आला असा निष्कर्ष काढू नये.

वर्गीकरण व नावांचा प्रश्न : व्यापक अर्थाने बुरशीमाशी ही संज्ञा सायरॉइडिया या अधिकुलातील अनेक कुलांना लावतात. त्यांपैकी मायसेटोफिलिडी कुलातील माशा प्रामुख्याने जंगलातील भूछत्रांवर वाढतात, तर केरोप्लॅटिडी कुलात न्यूझीलंडमधील वाइटोमो गुहांच्या छताला चमकणाऱ्या अळ्यांचा समावेश होतो. कुंड्यांत उपद्रव करणाऱ्या माशा सायरिडी कुलातील, आणि त्यांतही बहुतांशी ब्रॅडिसिया या वंशातील असतात. सायरा हा मूळ वंश योहान माइगेन यांनी १८०३ मध्ये, तर ब्रॅडिसिया हा वंश योहानेस विनर्ट्झ यांनी १८६७ मध्ये स्थापन केला.

जातींच्या नावांबाबत मात्र दीर्घकाळ गोंधळ राहिला आहे, आणि जुने संदर्भ वाचताना तो लक्षात घ्यावा लागतो. अमेरिकेत जॉन हेन्री कॉमस्टॉक यांनी १८८२ मध्ये ओसेलॅरिस, जोसेफ लिंटनर यांनी १८९५ मध्ये कॉप्रोफिला आणि ऑस्कर योहान्सन यांनी १९१२ मध्ये इम्पेशन्स या जातींची वर्णने केली. त्या वेळी त्या सर्व सायरा वंशात गणल्या जात. युरोपात रिचर्ड फ्रे यांनी १९४८ मध्ये उत्तर युरोपातील जातींचा परामर्श घेताना डिफॉर्मिस ही जात नोंदवली, आणि १९६० मध्ये रिस्टो टुओमिकोस्की यांनी पॉपेरा ही आणखी एक जात वर्णिली. युरोपातील हरितगृहांवरचे पुढील बरेच लेखन पॉपेरा याच नावाने झाले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुनर्वर्णनात पॉपेरा व डिफॉर्मिस एकच असल्याचे मांडण्यात आले. त्यानंतर उत्तर अमेरिकेतील सायरिडी कुलाच्या सविस्तर पुनरावलोकनात डिफॉर्मिस ही योहान्सन यांच्या इम्पेशन्सपेक्षा वेगळी नसल्याचे मत आले. अग्रक्रमाच्या, म्हणजे आधी दिलेले नाव टिकते या, नियमानुसार १९१२ चे नाव ग्राह्य धरले जाते आणि प्रस्तुत नोंदीतही ब्रॅडिसिया इम्पेशन्स हेच नाव स्वीकारले आहे. तरीही जैविक नियंत्रणाच्या पुस्तिकांत डिफॉर्मिस हे नाव अद्याप चालू आहे, त्यामुळे एकाच किडीवरची निरीक्षणे दोन किडींची म्हणून वाचली जातात.

नावाचा हा प्रश्न मूळ प्रदेशाच्या प्रश्नाशीही निगडित आहे. उत्तर युरोपात ही जात मुख्यतः तापवलेल्या हरितगृहांत आढळते, यावरून ती तेथे बाहेरून आली असावी असा तर्क करतात. पहिले ग्राह्य वर्णन अमेरिकेतील असल्यामुळे तिला अमेरिकी मानण्याकडेही कल दिसतो. वर्णनाचे ठिकाण व उगमाचे ठिकाण एकच असते असे नाही; कुंडीतली माती, रोपे व पीट यांचा व्यापार एकोणिसाव्या शतकातच सर्वदूर होता. उपलब्ध पुराव्यावरून पहिला तर्क अधिक ग्राह्य वाटतो, परंतु त्यातून नेमका प्रदेश सिद्ध होत नाही.

कॉप्रोफिला ही जात कीड म्हणून जितकी, तितकीच आनुवंशिकीच्या अभ्यासामुळे प्रसिद्ध आहे. चार्ल्स मेट्झ यांनी १९२० च्या दशकापासून तिच्या गुणसूत्रांचे विलक्षण वर्तन अभ्यासले : नराच्या शुक्रपेशी तयार होताना त्याला पित्याकडून मिळालेली गुणसूत्रे टाकून दिली जातात. याच माशीवर काम करताना हेलन क्राउझ यांनी १९६० मध्ये गुणसूत्रावर पितृत्वाचा किंवा मातृत्वाचा ठसा राहतो ही कल्पना मांडली, आणि ती पुढे सस्तन प्राण्यांच्या आनुवंशिकीतही महत्त्वाची ठरली. या जातीतील काही माद्या केवळ मादी-संतती व काही केवळ नर-संतती देतात.

जीवनक्रम : मादी मातीच्या फटींत व पृष्ठभागालगत, बहुधा पुंजक्यांनी, आयुष्यभरात सुमारे १०० ते २०० अंडी घालते. सुमारे २४° से. तापमानात अंडी तीन ते सहा दिवसांत उबतात. अळी पांढुरकी, जवळजवळ पारदर्शक व बिनपायाची असून तिचे डोके काळे चकचकीत असते. आतड्यातला गडद आहार बाहेरून दिसतो. ती तीन वेळा कात टाकते व सुमारे दोन आठवड्यांत पाच-सहा मिलिमीटर लांब होते. कोषावस्था तीन ते सहा दिवसांची आणि प्रौढ माशीचे आयुष्य साधारण आठवड्याचे असते. म्हणजे एक पिढी तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते व घरात वर्षभर पिढ्यांमागून पिढ्या एकमेकींत मिसळत चालू राहतात. कोणताही एक उपाय एकदाच करून कीड का जात नाही, याचे कारण हेच : ज्या दिवशी अळ्या मारल्या, त्या दिवशी अंडी व कोष मातीत शिल्लकच असतात.

अळ्यांचा मुख्य आहार बुरशी, शैवाल व कुजणारे सेंद्रिय द्रव्य हा होय. त्यांची संख्या वाढली किंवा इतर आहार कमी पडला की त्या कोवळी मुळे, मूलरोम आणि छाटकलमांचा कापलेला भाग कुरतडतात. जुन्या, मुरलेल्या मनी प्लॅन्टला त्यांच्यामुळे फारसे काही होत नाही; नुकतीच रुजत असलेली रोपे, कलमे आणि रसाळ वनस्पती यांना मात्र खरा धोका असतो. पिथियम, फ्युजेरियम इत्यादी मूळकूज करणाऱ्या रोगकारकांचा प्रसार या माशा करतात काय, याविषयी मतभेद आहेत. पिथियमचे बीजाणू अळीने खाल्ले तरी तिच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडू शकतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु अळीपासून कोषातून प्रौढ माशीपर्यंत संसर्ग टिकतो, हे तितक्या समाधानकारकपणे दाखवलेले नाही. अळीने मुळाला केलेली जखम हीच रोगाला वाट करून देते, हे मत अधिक सावध असून तेच येथे पसंत केले आहे.

प्रादुर्भाव तपासणे : पिवळ्या चिकट सापळ्यांमुळे प्रौढ माशा दिसतात, अळ्या नाहीत. अळ्यांसाठी कच्च्या बटाट्याची सुमारे एक सेंटिमीटर जाडीची फोड मातीत किंचित दाबून ठेवतात. दोन दिवसांनी ती उलटी करून उजेडात धरल्यास खालच्या ओल्या बाजूवर काळ्या डोक्याच्या अळ्या चिकटलेल्या दिसतात, आणि काही तर पिठूळ भागात निम्म्या आत शिरलेल्या असतात. मातीवर गोगलगाईच्या मागासारखी, पण फार बारीक, चमकती रेघ दिसली तरी अळ्यांचा वावर समजावा. फोड चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, अन्यथा तीच बुरशीचे खाद्य ठरते.

पाणी व माती : सर्व उपायांचा पाया मातीचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये कोरडा पडू देणे हा आहे, कारण अंडी व नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या कोरडेपणात टिकत नाहीत. महाराष्ट्रातील शहरी घरांत कोकोपीट व गांडूळखताचे मिश्रण सर्रास वापरले जाते आणि येथेच पहिली अडचण येते : कोकोपीट वरून तांबूस व सुके दिसते, पण बोट खुपसल्यास खाली ओल असते, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजाने पाणी घालणारा माणूस हमखास जास्त पाणी घालतो. अर्धवट कुजलेले शेणखत किंवा स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे न मुरलेले खत कुंडीत घालणे हे माशांना दिलेले आमंत्रणच असते. मिश्रणात परलाइट किंवा जाड वाळू वाढवावी. कुंडीला खालच्या ताटलीतून पाणी द्यावे आणि अर्ध्या तासाने ताटलीत उरलेले पाणी ओतून टाकावे. नव्या मिश्रणाला एप्रिल-मेमध्ये काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हात तापवण्याची पद्धत सोयीची आहे. मातीवर जाड वाळूचा सुमारे एक सेंटिमीटरचा थर दिल्यास मादीला अंडी घालण्यास अडथळा होतो, मात्र कुंडीच्या तळाच्या छिद्रांवाटे ती आत शिरू शकते. रोपवाटिकेतून आणलेले रोप दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे.

कोकणात व मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि अशा वेळी मातीचा वरचा थर कोरडा पडतच नाही. तेथे पाणी तोडण्यापेक्षा पंख्याचा वारा, उजेडाकडे हलवलेली कुंडी आणि खाली दिलेला जैविक उपाय यांवर भर द्यावा लागतो. सांगली-सोलापूरकडे उन्हाळ्यात हीच कीड घराबाहेरच्या कुंड्यांतून आपोआप कमी होते, घरात मात्र टिकून राहते.

सापळे : पिवळे चिकट सापळे शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. या माशीसाठी सापळा उभा लावण्याऐवजी मातीच्या लगत आडवा ठेवल्यास जास्त माशा पकडल्या जातात. सापळ्यात सापडणाऱ्या माद्यांपैकी अनेकींनी अंडी आधीच घातलेली असतात, म्हणून सापळ्यांना मुख्य उपाय न मानता मोजणीचे साधन मानावे.

जीवाणूजन्य उपाय : बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूची इस्रायलेन्सिस ही उपजाती, संक्षेपाने बीटीआय, हा या किडीवरील सर्वांत अभ्यासलेला जैविक उपाय आहे. मूळ जीवाणू जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी रेशीमकिड्याच्या रोगात १९०१ मध्ये पाहिला. जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांनी १९११ मध्ये थुरिंजिया प्रांतातील एका पिठाच्या गिरणीतून आलेल्या पतंगाच्या अळ्यांत तो पुन्हा शोधला व १९१५ मध्ये त्याचे नामकरण केले. इस्रायलेन्सिस ही उपजाती १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातील एका डबक्यात, मेलेल्या डासांच्या अळ्यांमधून मिळाली. लिओनार्ड गोल्डबर्ग व योएल मार्गालित यांनी १९७७ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि १९७८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील उगेत द बार्झाक यांनी ती एच-१४ हा स्वतंत्र रक्तरसप्रकार (प्रतिपिंडांच्या चाचणीने वेगळा ओळखता येणारा प्रकार) असल्याचे ठरवले. तिच्या बीजाणूंसोबत तयार होणारे प्रथिनांचे स्फटिक अळीच्या आम्लारी आतड्यात विरघळतात व आतड्याच्या भित्तिकेला छिद्रे पाडतात. स्फटिक अळीने खाल्ले तरच परिणाम होतो. त्यामुळे प्रौढ माशी, अंडी व कोष यांवर तो होत नाही. मातीत स्फटिकांचा प्रभाव काही दिवसांतच ओसरतो आणि मोठ्या अळ्या त्याला कमी दाद देतात, म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने सलग तीन-चार आठवडे मातीत ओतणे आवश्यक असते. भारतात बीटीआय डास-नियंत्रणाच्या कार्यक्रमासाठी मान्यताप्राप्त अळीनाशक आहे आणि बाजारात मिळणारे बहुतेक मिश्रण त्याच हेतूचे असते, त्यामुळे मात्रा वेष्टनावरील सूचनेनुसारच ठरवावी. फुलपाखरांच्या व पतंगांच्या अळ्यांसाठी भाजीपाल्यावर वापरली जाणारी कुर्स्टाकी ही उपजाती या माशीवर उपयोगी नाही. दुकानात केवळ ‘बीटी’ मागितल्यास बहुधा तीच हाती पडते.

परदेशी हरितगृहांत स्टाइनरनेमा फेल्टिए हा सूत्रकृमी, स्ट्रॅटिओलेलॅप्स स्किमिटस हा मातीतला भक्षक कोळी आणि डॅलोटिया कोरिएरिया हा भुंगेरा वापरतात. भारतात हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हा सूत्रकृमी हुमणीसाठी परिचित आहे. कोइमतूर येथून मिळालेली ही जात १९९२ मध्ये वर्णिली गेली.

घरगुती व रासायनिक उपाय : ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक भाग व पाण्याचे चार भाग असे मिश्रण ओतल्यास मातीत फेस येतो आणि स्पर्शात आलेल्या अळ्या मरतात, परंतु परिणाम काही तासांपुरताच असतो व उपयुक्त सूक्ष्मजीवही नष्ट होतात. निंबोळी अर्कातील अझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे त्याला काही आधार आहे. निंबोळी पेंड मात्र स्वतः सेंद्रिय द्रव्य असल्यामुळे ओल्या कुंडीत जाड थराने घालू नये. दालचिनी, हळद व राख यांचे समर्थन मुख्यतः अनुभवकथनावर उभे आहे, आणि राखेमुळे मातीची आम्लारिता वाढते हा तोटा निश्चित आहे. डासांच्या अगरबत्तीचा किंवा फवाऱ्याचा मातीतल्या अळ्यांवर परिणाम होत नाही.

कुंडीत चिमूटभर थिमेट हे दाणेदार कीटकनाशक टाकण्याची सवय जुन्या बागप्रेमींत होती. त्यातील फोरेट हे अतिविषारी द्रव्य असून भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. जुना डबा घरात असल्यास तो वापरू नये. हरितगृहांत डायफ्लुबेंझुरॉन, सायरोमॅझिन यांसारखी वाढरोधके वापरली जातात, पण घरातल्या दोन-चार कुंड्यांसाठी, आणि त्यातही तुळस, पुदिना, कढीपत्ता अशा खाण्यातल्या रोपांसाठी, त्यांची आवश्यकता नसते. फार बिघडलेल्या कुंडीत रोप काढून मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत, कुजलेला भाग छाटावा आणि जुनी माती घरातल्या दुसऱ्या कुंडीत न टाकता बाहेर उन्हात पसरावी.