कलम-बहुवारिकीकरण, कणपृष्ठावरील

बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) सूक्ष्म कणाचा गाभा तसाच ठेवून त्याच्या पृष्ठभागावर दुसऱ्या बहुवारिकाच्या साखळ्या रासायनिक बंधाने बसवण्याची पद्धत. पॉलिस्टायरीनच्या कणाला पाणी मानवत नाही. त्यावर जलस्नेही साखळ्या उगवल्या की तोच कण पाण्यात सुटा राहतो, गुठळ्या होऊन तळाशी बसत नाही.

तयार साखळ्या आणून पृष्ठभागाला जोडणे हे आंब्याच्या कलमासारखे. पण आधी बसलेल्या साखळ्या जागा अडवतात आणि आवरण विरळ राहते. दाट आवरण हवे तर पृष्ठभागावर आरंभक गट (साखळीची वाढ जिथून सुरू होते ते अणुगट) बसवून साखळी तिथूनच वाढवतात. एकवारिकाचे (मोनोमरचे) रेणू लहान असल्याने गर्दीतूनही वाढत्या टोकाशी पोचतात. ही खरे तर पेरणी. नाव मात्र कलमाचेच राहिले.

रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या साखळ्या) बनवण्यासाठी वापरलेल्या पॉलिस्टायरीनच्या मण्यांवरील क्लोरोमेथिल गट आरंभक म्हणून चालतात. मात्र मणी द्रावकात फुगला तर साखळ्या आतही उगवतात, आणि जाळीबंध (साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे बंध) नसलेला कण विरघळूनच जातो. त्यामुळे द्रावकाची निवड ही इथली अर्धी लढाई.

साध्या मूलक-अभिक्रियेत (मूलक म्हणजे रॅडिकल, एकटा इलेक्ट्रॉन असलेला अतिक्रियाशील कण) साखळी क्षणात वाढते आणि मरते. लांबी हाताबाहेर जाते. १९९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ क्शिश्तोफ मातियाशेव्स्की आणि मित्सुओ सावामोतो यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या पद्धतीत साखळीच्या टोकावर क्लोरीन किंवा ब्रोमीनचे टोपण असते. तांब्याचे (सावामोतोंकडे रुथेनियमचे) संयुग ते काढते आणि परत बसवते. कोणत्याही क्षणी बहुतेक साखळ्या निद्रिस्त, मोजक्याच जाग्या. म्हणून दोन मूलके एकमेकांना भेटून संपण्याचे प्रमाण घटते आणि सगळ्या साखळ्या जवळपास सारख्या वाढतात.

ऑक्सिजन हा या कामाचा वैरी. तो हाकलायला नायट्रोजन नीट सोडला नसेल, तर फ्लास्कमधले तपकिरी मिश्रण हिरवट पडते आणि वाढ थांबते. शेवटी कण अपकेंद्रित्रात (सेंट्रिफ्यूजमध्ये) फिरवून पुन्हा पुन्हा धुवावे लागतात. नुसत्या चिकटलेल्या साखळ्या निघून गेल्याची खात्री केल्याशिवाय ‘कलम झाले’ म्हणण्यात अर्थ नाही.

पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड या तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या बहुवारिकाचे कलम केलेल्या कणाचे आवरण पाण्यात सुमारे ३२ अंश सेल्सिअसखाली फुगलेले असते. त्यावर तापमान गेले की आवरण आकसते. पाण्यात पुरेसे मीठ असेल तर कण एकमेकांना चिकटतात, आणि थंड केल्यावर बहुधा पुन्हा सुटे होतात.