गेमिंग म्हणजे रमी नव्हे: कोकणातल्या स्ट्रॅटेजी प्लेयरची पार्श्वभूमी

कुडाळ-कणकवलीत कोणाला सांगितलं की पोरगा स्ट्रॅटेजी गेमचा, म्हणजे डावपेचांच्या कॉम्प्युटर गेमचा, प्रो प्लेयर आहे, तर पहिला प्रश्न येतो, म्हणजे ते रमीचं ॲप ना? दुसरा प्रश्न आजीचा, "खेळान पोट भरतला काय रे झिला?" दुसऱ्याचं उत्तर अजून कोणाकडेच धड नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र केंद्र सरकारला २०२५ साल उजाडावं लागलं, आणि तेही अर्धंच दिलं. तर ही सगळी भानगड कुठून सुरू झाली त्याबद्दल थोडं.

मूळ कोरियात आहे, ते पटकन उरकतो. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिकडे बेकारी वाढली, गल्लोगल्ली नेट कॅफे निघाले, १९९८ ला स्टारक्राफ्ट नावाचा लढाईचा स्ट्रॅटेजी गेम आला आणि दोन-तीन वर्षांत टीव्हीवर चोवीस तास मॅचेस दाखवायला लागले. खेळाडूंना पगार, टीमचं होस्टेल, कोच, सगळं रीतसर. तिकडे सैन्यात सक्तीची नोकरी असते आणि त्यात करिअर मोडायचं, म्हणून हवाई दलाने चक्क स्वतःची स्टारक्राफ्टची टीम काढली होती, ती २०१२ पर्यंत चालली. २०१० ला मॅच फिक्सिंगही निघालं. म्हणजे आपल्या क्रिकेटने जे जे पाहिलं ते सगळं त्यांनी कॉम्प्युटरवर पाहून झालेलं, तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर म्हणजे दहावीचा रिझल्ट बघायची जागा होती.

आमच्याकडे हे सगळं आलं गणपतीत. मुंबईहून चाकरमानी यायचे, त्यांच्या पोरांच्या बॅगेत एज ऑफ एम्पायर्सची सीडी असायची, गाव वसवून सैन्य उभारायचा स्ट्रॅटेजी गेम, दुसरा भाग, १९९९ चा, आणि त्याची २००० सालची पुरवणी कॉन्करर्स. आरती झाली, प्रसाद हातात आला की वाडीतल्या ज्या एका घरात कॉम्प्युटर आहे तिकडे मोर्चा. गौरी-गणपती विसर्जन होऊन मुंबईकर परत गेले तरी सीडीची कॉपी मागे राहायची. मग बाजारातल्या सायबर कॅफेत एकमेकांना जोडलेल्या पाच मशीनचं लॅन, तासाला वीस रुपये, आणि मालकाची अट एकच, कोणी फॉर्म भरायला आलं की उठायचं. मॅच कुठेही असो. माझ्या किल्ल्याला समोरच्याने ट्रेबुशे, म्हणजे दगड फेकायची यंत्रं, लावलेले असताना मी एका बाईंच्या रेशनकार्डाच्या फॉर्मसाठी उठलेलो आहे.

आणि आम्ही खेळायचो काय तर "तीस मिनिटं कोणी अटॅक करायचा नाही". भिंत बांधा, सोनं जमवा, मग हत्ती घेऊन निघा. नाहीतर चीट, म्हणजे गेममधला चोरटा कोड, टाकून ती गोळ्या झाडणारी निळी गाडी काढा. स्ट्रॅटेजी वगैरे शून्य. खरा खेळ काय असतो ते फार नंतर कळलं, बाहेरच्या प्लेयर्सची रेकॉर्डिंग बघायला मिळाली तेव्हा. एक व्हिलेजर, म्हणजे कामकरी गावकरी, बनायला २५ सेकंद आणि ५० फूड लागतं, सुरुवातीला हातात २०० फूड असतं, म्हणजे चार जण आधी लाइनीत लावायचे आणि तेवढ्यात स्काउट, म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार, फिरवून मेंढ्या शोधायच्या. पहिले सहा मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, मग एकाने रानडुकराला बाण मारून पळत पळत टाउन सेंटरखाली, म्हणजे व्हिलेजर जिथे बनतात त्या मुख्य इमारतीखाली, आणायचं, चुकला तर डुक्कर त्यालाच मारतं. हे सगळं करताना टाउन सेंटर एक क्षणही रिकामं ठेवायचं नाही. पाच-दहा सेकंद रिकामं राहिलं की प्रो लेव्हलला तिथेच मॅच कलते, निकाल लागतो पुढे पाऊण तासाने. हे रोज आठ-आठ तास घोटावं लागतं. शेजारची काकू खिडकीतून बघते तर तिला पोरगा मेंढ्या मारताना दिसतो.

२०१६ च्या सप्टेंबरात फुकट डेटा आला आणि कॅफे बसले. जी पोरं लॅनवर होती ती मोबाईलवर गेली, आणि मोबाईलवर स्ट्रॅटेजीपेक्षा बंदुकीचे गेम जास्त चालले. इथून पुढे लोकांच्या डोक्यात "गेमिंग" हा एकच ढीग झाला. २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेचं गेमिंग, प्रात्यक्षिक म्हणून होतं, पदक मोजणीत धरायचं नाही असं. तिथे कच्छच्या एका मुलाने पत्त्यांच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये ब्राँझ आणलं. पेपरात ती बातमी आतल्या पानावर बोटभर. त्यानंतर २०२० च्या २९ जूनला ५९ चिनी ॲप्स बंद झाली, सगळे टिकटॉक टिकटॉक करत बसले पण त्याच यादीत क्लॅश ऑफ किंग्ज आणि मोबाईल लेजेंड्स हे गेम पण होते. सप्टेंबरात पबजी गेला. म्हणजे रात्री झोपताना तुमचा धंदा आहे, सकाळी नाही. क्रिकेटवाल्याची बॅट अशी कोणी रात्रीत काढून घेत नाही.

त्यात आमचं हवामान. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आदळलं आणि दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. त्या दिवसांत माझी एक ऑनलाइन क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरी, होती, इन्व्हर्टर संपला, टॉवर गेला, मी बाईकवर रेंज शोधत घाटीपर्यंत गेलो आणि तिथे मेसेज आला की दहा मिनिटांत लॉबीत, म्हणजे मॅचआधी ऑनलाइन जमायच्या जागी, न आल्यामुळे समोरच्याला वॉकओव्हर. आयोजकांना मेल केला तर उत्तर आलं, नियम सगळ्यांना सारखे. खरं आहे, लाईट तेवढी सारखी नाही.

आता तो शब्द. सगळं घोडं इथे पेंड खातं म्हणून जरा लांबण लावतो.

"गेमिंग" या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, फावल्या वेळात खेळायचं. दोन, स्पर्धा, म्हणजे ई-स्पोर्ट्स. तीन, पैसे लावून खेळायचं, रमी, पोकर, फँटसी वगैरे. तिसऱ्यावाल्यांकडे जाहिरातीला पैसा होता, त्यांनी स्वतःला मजेत "गेमिंग इंडस्ट्री" म्हणवून घेतलं, आणि कोर्टात १९६८ चा दाखला द्यायचा की रमी हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. म्हटलं होतंच. पण त्यामुळे झालं असं की "कौशल्याचा खेळ" हा शब्दच बदनाम झाला, कारण तो ऐकला की लोकांना कर्जबाजारी झालेला कोणीतरी भाचा आठवतो. आम्ही बोललो की आमच्या गेममध्ये स्किल लागतं तर समोरचा म्हणणार, रमीवाले पण हेच म्हणतात. करातही तसंच, इनकम टॅक्सच्या जुन्या कलमात लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्ते आणि "इतर कोणत्याही प्रकारचे खेळ" एका दावणीला, सरसकट ३० टक्के.

२०२२ च्या डिसेंबरात केंद्राने पहिल्यांदा गाठ थोडी सोडवली. ऑनलाइन गेमिंग आयटी मंत्रालयाकडे आणि ई-स्पोर्ट्स क्रीडा विभागाकडे. आम्ही पेढे वाटले. नंतर नीट वाचलं तर शब्द असे होते की "बहु-क्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्स". म्हणजे एशियाडसारख्या ठिकाणी तुमचा गेम असेल तर तुम्ही खेळाडू, नसेल तर, बघू. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशाच्या गेमवर २८ टक्के जीएसटी लागला, तेव्हाही गावात बातमी पोचली ती "गेमिंगवर टॅक्स" अशीच.

मग २०२५ चा ऑगस्ट, ऑनलाइन गेमिंगचा कायदा. २० ला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैशाचे ऑनलाइन गेम पूर्ण बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, आणि ई-स्पोर्ट्सला कायद्यात वेगळी जागा. त्या आठवड्याभरात भारतीय क्रिकेट टीमच्या जर्सीवरचं फँटसी ॲपचं नावही गेलं. माझ्या मते हा कायदा आमच्यासाठी चांगलाच झाला, काही मित्रांना हे पटत नाही, त्यांचं म्हणणं स्पर्धांना येणारा बराच पैसा फिरून फिरून तिथूनच येत होता. असेल. पण रमीच्या सावलीत राहून खेळाडू म्हणवून घ्यायचा मला कंटाळा आलेला.

पण व्याख्या वाचा. निकाल फक्त चपळाई, बुद्धी, डावपेच असल्या कौशल्यावर ठरला पाहिजे, बक्षीस चालेल, प्रवेश फी चालेल पण ती फक्त प्रवेशासाठी नाहीतर आयोजनाच्या खर्चासाठी, आणि पैज कसलीही नको. आता आमच्या कोकणात ओव्हरआर्म क्रिकेटच्या टुर्नामेंट कशा चालतात? प्रत्येक टीमची प्रवेश फी, त्यातून मंडप, बॉल, वडापाव आणि पहिलं बक्षीस. उरलेलं कोणी दाता देतो. कोणी विचारत नाही की बक्षिसात फीचा पैसा किती. तेच आम्ही सोळा पोरांची प्रत्येकी शंभर रुपयांची एज ऑफ एम्पायर्स स्पर्धा घेतली आणि जमलेल्यातून हजार रुपये विजेत्याला दिले, तर ती फी झाली की डाव? मी दोन वकिलांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. आम्ही सध्या फी बंद केलीय, बक्षीस म्हणून काजूचं पाकीट.

दुसरी अट, गेमला नव्या क्रीडा कायद्याखाली मान्यता पाहिजे आणि नोंदणी पाहिजे. इथे स्ट्रॅटेजीवाले आणखी मागे पडतात. जकार्ताला २०१८ मध्ये स्टारक्राफ्ट दोन होता. चीनमधल्या हांगझोऊच्या एशियाडला, जिथे २०२३ मध्ये पहिल्यांदा खरी पदकं मिळाली, सात प्रकार होते आणि त्यात तो नव्हता. जकार्तात ज्यात ब्राँझ आलं तो पत्त्यांचा गेम आधी यादीत होता, भारताने खेळाडूही निवडलेले, पण कंपनीचा चीनमधला करार संपला आणि गेमच यादीतून उडाला. बुद्धिबळात घोडा अडीच घरं जातो, तो कोणाच्या करारावर जात नाही. आणि गंमत बघा, २०२५ ला रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्डकपमध्ये बुद्धिबळही घेतलं. त्याच जुलैत नागपूरच्या मुलीने बुद्धिबळाचा महिला वर्ल्डकप जिंकला तेव्हा आमच्या शेजारच्या काकूंनी स्टेटस ठेवलेलं, त्याच काकू, मेंढ्यावाल्या.

पैशाचं थोडक्यात. डोटा या टीमने खेळायच्या स्ट्रॅटेजी गेमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं बक्षीस २०११ ला १६ लाख डॉलर होतं, २०२१ ला चार कोटींवर गेलं आणि २०२३ ला परत एकतीस-बत्तीस लाखांवर आलं. भारताच्या डोटा टीमने २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये कॉमनवेल्थच्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेत ब्राँझ घेतलं. एज ऑफ एम्पायर्सचं जग त्यामानाने लहान, वरचे काही जण सोडले तर बाकीचे स्ट्रीमिंग आणि शिकवणीवर जगतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यात भारतातली राज्यं नव्याने आली, द्रविड, बंगाली, गुर्जर, तेव्हा आमच्याकडची बरीच जुनी मंडळी परत खेळायला लागली. मराठे अजून नाहीत. त्यावर आमच्या ग्रुपवर दर गणपतीत भांडण होतं.

२०२६ च्या जपानमधल्या आइची-नागोया एशियाडमध्येही ई-स्पोर्ट्स आहे, एज ऑफ एम्पायर्स नाही. त्यामुळे वाडीतला जो पोरगा आत्ता आमच्यात सगळ्यात पुढे आहे, एकोणीस वर्षांचा, तो कायद्याने नक्की कोण ते ठरायचंय. जुगारी नाही एवढं नक्की झालंय. घरी त्याने आयटीआयचा फॉर्म भरलाय असं सांगितलंय, तोही भरलाय खरंच, आणि रात्री अकरानंतर, पाऊस नसेल तर, देवळामागच्या कातळावर लॅपटॉप घेऊन बसतो, तिथे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, साठ मिलिसेकंदांच्या खाली येतो.