असममित हायड्रोजनीकरणातील कायरल लिगंडे

धातूच्या अणूशी बद्ध होणारे, पण स्वतःच्या आरशातील प्रतिमेशी तंतोतंत न जुळणारे कार्बनी रेणू. ऱ्होडियम, रूथेनियम किंवा इरिडियम यांच्याभोवती अशी लिगंडे असली, की द्विबंधाच्या दोन बाजूंपैकी एका बाजूनेच हायड्रोजन प्रामुख्याने जोडला जातो आणि उत्पादाचे एक प्रतिबिंबरूप दुसऱ्यापेक्षा अधिक मिळते. हे आधिक्य टक्क्यांत सांगतात. ९५% आधिक्य म्हणजे दोन रूपांचे प्रमाण ९७.५ : २.५. बहुतेक लिगंडे फॉस्फरसयुक्त असतात.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. जपानमध्ये आकाबोरी व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये रेशमाच्या प्रथिनावर बसविलेल्या पॅलॅडियमने असममित हायड्रोजनीकरण केल्याचे प्रसिद्ध केले होते. काही लेखक सुरुवात तेथून धरतात. परंतु तो घन उत्प्रेरक होता आणि त्यातील धातूभोवतीची रचना निश्चित करता येत नव्हती. लिगंडाचा विचार करायचा, तर विल्किन्सन यांचा द्रावणात विरघळणारा ऱ्होडियम–ट्रायफेनिलफॉस्फीन उत्प्रेरक (१९६० च्या दशकाचा मध्य) हाच आरंभबिंदू ठरतो. त्यातील ट्रायफेनिलफॉस्फीनच्या जागी कायरल फॉस्फीन (कार्बनी गट जोडलेल्या फॉस्फरसचे संयुग) घालण्याची कल्पना १९६८ मध्ये अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीचे नोल्स व सॅबॅकी आणि जर्मनीतील माइन्झचे हॉर्नर यांनी स्वतंत्रपणे अमलात आणली. दोघांचे फॉस्फीन एकच होते : मेथिलप्रोपिलफेनिलफॉस्फीन. नोल्स यांना अल्फा-फेनिलॲक्रिलिक अम्लापासून १५% आधिक्य मिळाले, तर हॉर्नर यांना स्टायरीनच्या अनुजातांवर १०% पेक्षाही कमी. श्रेय सामान्यतः नोल्स यांच्याकडे जाते. मात्र असे फॉस्फीन प्रकाशीय क्रियाशील रूपात, म्हणजे एका प्रतिबिंबरूपात, वेगळे करता येते व ते नेहमीच्या तापमानाला टिकते, हे हॉर्नर यांच्या गटाने त्याआधीच, १९६१ मध्ये, दाखवले होते. त्यामुळे दोघांना सहसंशोधक मानणे अधिक न्याय्य दिसते.

कायरलता फॉस्फरसवरच असावी, कारण तोच धातूला चिकटलेला असतो, हे गृहीतक फार टिकले नाही. फ्रान्समधील कागाँ यांनी १९७१ मध्ये टार्टारिक अम्लापासून डायॉप हे लिगंड बनवले. त्याचे दोन्ही फॉस्फरस अणू कायरल नाहीत. असममितता त्यांना जोडणाऱ्या कार्बन-साखळीत आहे. तरीही फेनिलॲलॅनिनाच्या अनुजातात सुमारे ७२% आधिक्य मिळाले. नोल्स यांनी फॉस्फरसवरील कायरलता सोडली नाही. त्यांच्या कॅम्प या लिगंडाने ८८%, आणि दोन फॉस्फरस जोडून केलेल्या डायपॅम्पने ९५% आधिक्य दिले. कंपवातावरील एल-डोपा या औषधाचे कारखान्यातील उत्पादन याच ऱ्होडियम पद्धतीवर १९७० च्या दशकात सुरू झाले. जपानच्या नोयोरी व ताकाया यांच्या बायनॅप या लिगंडामध्ये (१९८०) तर कायरल अणूच नाही. दोन नॅप्थालीन भाग जोडणाऱ्या बंधाभोवती फिरू शकत नाहीत, एवढ्यावरच त्याची कायरलता उभी आहे. १९८६ पासून रूथेनियमबरोबर ते वापरल्यावर अमिनो अम्लांपलीकडची संयुगे आणि पुढे कीटोनेही आवाक्यात आली. (बायनॅप वापरून केलेले मेन्थॉल अनेकदा याच सदरात घालतात, पण त्यातील कळीची पायरी हायड्रोजनीकरण नसून समघटकीकरण (रेणूतील त्याच अणूंची वेगळी मांडणी) आहे.) २००१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग नोल्स व नोयोरी यांना मिळाला. कागाँ यांचे नाव त्यात नसणे अनेक रसायनशास्त्रज्ञांना खटकले.

लिगंड निवड नेमकी कशी करते, हा प्रश्न दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. द्विबंधाची जी बाजू उत्प्रेरकात नीट बसते, तिच्यावरच हायड्रोजन जोडला जातो, असे पूर्वी मानत. शिकागोचे हॅल्पर्न यांनी ऱ्होडियम व कायराफॉस हे लिगंड यांच्या अभ्यासात उलट चित्र दाखवले. द्रावणात भरपूर असलेला, स्फटिकरूपात वेगळा करता येणारा संकुल (उत्प्रेरकाला विक्रियेतील रेणू जोडून झालेला समूह) मुख्य उत्पाद देत नाही. अल्प प्रमाणातला, अस्थिर संकुल हायड्रोजनशी शेकडो पट वेगाने विक्रिया करतो व उत्पादाचे रूप तोच ठरवतो. हायड्रोजनाचा दाब वाढवला की आधिक्य घटते, हे निरीक्षण या स्पष्टीकरणाशी जुळते. पुढे इमामोतो व ग्रिडनेव्ह यांनी इलेक्ट्रॉनसमृद्ध फॉस्फीनांच्या बाबतीत हायड्रोजन आधी धातूला जोडला जातो व निवड नंतर होते, असा मार्ग मांडला. हॅल्पर्न यांचा मार्ग त्यांनी अभ्यासलेल्या लिगंडांपुरता भक्कम आहे. तो सर्वांना लावू नये, हे मत आता ग्राह्य वाटते.

दोन टोकांनी धातूला पकडणारे लिगंडच चांगले, ही समजूतही २००० च्या सुमारास मोडली. फेरिंगा, मिनार्ड व द फ्रीस यांचे मोनोफॉस, तसेच रीट्स व प्रिंगल यांच्या गटांची लिगंडे एकाच फॉस्फरसने जोडली जाऊनही उत्तम निवड करतात. कार्यात्मक गट (धातूला पकडू शकणारे ऑक्सिजन, नायट्रोजन यांसारखे भाग) नसलेल्या साध्या अल्कीनांसाठी (द्विबंधयुक्त हायड्रोकार्बनांसाठी) फाल्ट्झ यांची फॉस्फरस–नायट्रोजन लिगंडे इरिडियमबरोबर वापरतात.

उद्योगात सर्वांत मोठा वापर तणनाशकाचा आहे. फेरोसीनवर आधारलेल्या जोसिफॉस कुलातील झायलिफॉस व इरिडियम वापरून एस-मेटोलाक्लोर १९९६ पासून बनते. वर्षाला दहा हजार टनांहून अधिक उत्पादन, आणि आधिक्य मात्र केवळ ८० टक्क्यांच्या आसपास. औषधाला ते चालले नसते. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिनसाठी मर्क कंपनीने ऱ्होडियम–जोसिफॉस पद्धत उभारली होती. २०१० मध्ये तिच्या जागी ट्रान्सअमिनेज एन्झाइमाची पद्धत प्रसिद्ध झाली.