मॉरिशसचा किनारा: अडीचशे फुटांची गोष्ट

फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्याने रविवारी चालत निघालं, की आधी सुरूचं बन लागतं. झाडाखाली तीन दगडांची चूल, तिच्यावर बिर्याणीचा टोप, चटईवर तीन पिढ्यांचं कुटुंब, आणि जरा बाजूला कुणीतरी रावान नावाचा डफ आगीवर धरून शेकवत बसलेला. बकऱ्याचं कातडं तापल्याशिवाय नीट बोलत नाही. अजून थोडं पुढे गेलं, की वाळू तीच, समुद्रही तोच, पण गवताच्या छत्र्या सुरू होतात, निळ्या गाद्यांच्या आरामखुर्च्या दिसायला लागतात आणि पांढऱ्या सदऱ्यातला पहारेकरी हात मागे बांधून उभा असतो. तो हटकेलच असं नाही. आरामखुर्च्यांची पहिली रांग ओल्या वाळूच्या काठाला येऊन थांबलेली असते, आणि तेवढ्या ओल्या पट्ट्यावरून कुणीही बिनधास्त चालत जातं.

ती रांग तिथेच का थांबते, याचं उत्तर मॉरिशसच्या सहलीच्या माहितीपत्रकांत सापडत नाही. ते तोफांच्या काळात सापडतं.

डच आले, डोडो संपला, फ्रेंचांनी ऊस वाढवला, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं. हे सगळं वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यात फार वेळ घालवत नाही. आपल्याला हवा आहे तो फ्रेंच राजवटीच्या शेवटच्या वर्षांतला एक शब्दप्रयोग: ‘पा जेओमेत्रिक’, म्हणजे भूमितीतली पावलं. मॉरिशसमध्ये किनाऱ्याच्या जागेवरून भांडण झालं, की हा शब्द येतोच. तो वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो जमिनीचा प्रकार वाटतो, निम्म्यांना कायद्याचं नाव वाटतं. मुळात ते एक माप आहे.

एक पाय उचलून पुढे टाकला, मग दुसरा टाकला, आणि पहिला पाय पुन्हा उचलायची वेळ आली, म्हणजे एक ‘भूमितीय पाऊल’ पुरं झालं. आपल्या हिशेबाने ती दोन पावलं. त्याची लांबी पाच फूट धरत. अशी पन्नास पावलं म्हणजे २५० फूट. पण हे फूट फ्रेंच राजाचे. इंग्रजी फुटापेक्षा तो फूट सुमारे दोन सेंटीमीटरने मोठा. म्हणून इंग्रजी अडीचशे फूट ७६ मीटरांच्या जरा पुढे संपतात आणि मॉरिशसचे अडीचशे फूट ८१.२१ मीटरांवर. आजही तिथल्या मोजणी नकाशांवर हा विचित्र आकडा दिसतो. पाच मीटरांचा फरक किरकोळ वाटेल, पण किनाऱ्याला लागून घर बांधणाऱ्याला विचारून बघा.

भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून आत जमिनीकडे एवढा पट्टा राजाने आपल्याकडे राखून ठेवायचा, अशी फ्रेंच वसाहतींत रीत होती. कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवर याच पट्ट्याला ‘राजाची पन्नास पावलं’ म्हणत. कारण साधं होतं. शत्रू समुद्रातून येणार, तेव्हा तोफांचे मोर्चे, पहाऱ्याच्या चौक्या आणि तिथवर जाणाऱ्या वाटा यांना जागा हवी, आणि ती जागा उसाच्या मळेवाल्यांच्या ताब्यात जायला नको. उत्तर टोकाला आज हॉटेलांनी भरलेली ‘पॉइंट ओ कानोनिये’ नावाची जागा आहे. शब्दशः अर्थ गोलंदाजांचं टोक, क्रिकेटमधले गोलंदाज नव्हेत, तोफा डागणारे. मे १८०७ मध्ये बेटाच्या शेवटच्या फ्रेंच गव्हर्नराने फर्मान काढून हा पट्टा कधीही विकता येणार नाही, असं ठरवलं. त्यानंतर साडेतीन वर्षांतच बेट गेलं. पट्टा मात्र राहिला.

राहिला कसा, हाही प्रश्नच आहे. शरणागतीच्या अटींत इंग्रजांनी तिथल्या रहिवाशांचे कायदे, चालीरीती आणि धर्म कायम ठेवण्याचं मान्य केलं होतं. त्यामुळे १८९५ मध्ये इंग्रज सरकारने या पट्ट्यासाठी कायदा केला तेव्हाही त्याचं नाव फ्रेंचच ठेवावं लागलं. तोवर तोफांचं काम संपलं होतं. पण ‘विकता येत नाही’ हे कलम टिकलं आणि त्याला एक जोड मिळाली: भाडेपट्ट्याने मात्र देता येईल. पुढच्या सव्वाशे वर्षांतली सगळी भांडणं या जोडीत सामावलेली आहेत.

सुरुवातीला हा पट्टा भाड्याने घ्यायला फारसं कुणी उत्सुक नव्हतं, हे आज खरं वाटणार नाही. १८६६ पासून दोन-तीन वर्षं बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली. हजारो माणसं गेली. राजधानी पोर्ट लुईतले ज्यांना परवडत होते ते सगळे वर डोंगरावर, क्यूरपीपच्या धुक्यात, राहायला गेले. किनारा म्हणजे डास, दलदल आणि कोळ्यांच्या झोपड्या. सरकारने पट्ट्यात सुरूची झाडं लावायला सुरुवात केली. आपल्या कोकणात अलिबाग-नागावला जशी सुरूची बनं दिसतात, तशीच ती इथे आली, बाहेरून आणून लावलेली. आज पोस्टकार्डावर जे ‘मूळचं’ हिरवं किनारपट्टीचं चित्र दिसतं, त्यातला मोठा भाग असा लावलेला आहे.

मग मळेवाल्या घराण्यांनी सुट्टीसाठी छोटी घरं बांधायला सुरुवात केली. त्यांना ‘कांपमां’ म्हणत, म्हणजे छावणी. गवती छप्पर, लाकडी ओसरी, दारातून थेट पाण्यात. जागा सरकारची, घर आपलं, भाडं नाममात्र. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी फवारून हिवताप हटवला गेला आणि त्या नाममात्र भाड्याच्या जागांचं अचानक सोनं झालं. समुद्रकाठची हॉटेलं पन्नासच्या दशकात उभी राहू लागली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९६८ मध्ये, बेटावर वीस हजारही पर्यटक आले नव्हते. २०१९ मध्ये तो आकडा १३ लाख ८० हजारांच्या पुढे होता, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त.

या वाढीला सरकारी धोरणाने एक वळण दिलं. स्वस्त चार्टर विमानांना बराच काळ बंदी होती. थोडे पाहुणे, पण खर्च करणारे, हे सूत्र. कागदावर ते शहाणपणाचं होतं, कारण बेट लहान आणि प्रवाळाने वेढलेलं उथळ पाणी नाजूक. पण महागड्या हॉटेलाला समुद्राकडचं तोंड लांब लागतं. खोल्या कमी, किनारा जास्त. आणि तो किनारा त्या ८१ मीटरांतूनच काढायचा होता.

इथे दुसरा गोंधळाचा शब्द येतो: ‘सार्वजनिक किनारा’. आपल्याला वाटतं, किनारा म्हणजे सार्वजनिकच. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू खरोखरच सगळ्यांची आहे आणि आरामखुर्च्या तिथेच थांबतात त्या म्हणून. पण तिच्यावरची कोरडी वाळू, सुरूचं बन, गाडी लावायची जागा, चूल मांडायची जागा, हे सगळं त्या सरकारी पट्ट्यात येतं. त्यातला एखादा तुकडा सरकार राजपत्रात जाहीर करून ‘सार्वजनिक किनारा’ ठरवतं. असे शंभरावर किनारे आहेत आणि २००२ च्या कायद्याने त्यांचा कारभार पाहायला वेगळं प्राधिकरणही आलं. जे राजपत्राने मिळतं ते राजपत्राने काढूनही घेता येतं, हे मात्र बऱ्याच लोकांच्या लक्षात २०१६ मध्ये आलं.

दक्षिण किनाऱ्यावर पोंपोनेत नावाची जागा आहे. तिथला समुद्र उत्तरेसारखा शांत नाही, वारा मोठा, गर्दी कमी. आसपासच्या गावांची पिढ्यान्‌पिढ्यांची सहलीची जागा. तिचा सार्वजनिक दर्जा सरकारने काढून घेतला आणि ती हॉटेलसाठी भाडेपट्ट्याने दिली. पत्र्याचं कुंपण आलं. त्यावर नागरिकांची जी चळवळ उभी राहिली तिचं क्रिओल या तिथल्या बोलीतलं घोषवाक्य होतं, ‘आरेत कोकें नू लाप्लाज’, आमचा किनारा चोरणं थांबवा. सरकारचा युक्तिवाद बिनतोड होता: एक इंचही विकलेला नाही, १८०७ पासूनचं कलम जसंच्या तसं आहे. आंदोलकांचं म्हणणं असं, की साठ-साठ वर्षांचा पट्टा नातवंडांपर्यंत चालणार असेल, तर त्याला भाडं म्हणायचं की विक्री, हा फक्त शब्दांचा खेळ आहे. दक्षिणेकडच्या गावांत रोजगार नाही, तो हॉटेलांतूनच येईल, असंही म्हणणारे होते, आणि ते खोटं नव्हतं. पण ज्या रविवारी चूल मांडायला जागा उरणार नाही त्या रविवाराचा हिशेब पगाराच्या कागदावर कुठे दाखवायचा, याचं उत्तर त्या बाजूकडून मिळालं नाही. मला तरी सरकारचा मुद्दा कायद्याने बरोबर आणि रीतीने चूक वाटतो.

२०२० च्या जुलैमध्ये पॉइंट देस्नीजवळ एक प्रचंड मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल पाण्यात गेलं. तेव्हा माहेबूरच्या धक्क्यावर जे लोक उसाचा पाचोळा कापडी पिशव्यांत कोंबून तरंगते बांध शिवत बसले होते, त्यांतले बहुतेक याच रविवारच्या किनाऱ्यावरचे होते.

बेटाच्या सांस्कृतिक ठिकाणांचा इतिहास याच्या मानाने अलीकडचा आहे, निदान ठिकाणं म्हणून. पोर्ट लुई बंदरातला आप्रवासी घाट हा आज भारतीय प्रवाशांचा पहिला थांबा. १८३४ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या पहिल्या ३६ मजुरांच्या तुकडीपासून पुढे सुमारे साडेचार लाख माणसं आली. त्या पहिल्या मजुरांना कागदपत्रांत ‘धांगर’ म्हटलं आहे आणि मराठी माणूस तिथे हमखास फसतो. ते आपले धनगर नव्हेत, छोटा नागपूरचे डोंगरी आदिवासी. महिना पाच रुपये, करार पाच वर्षांचा. उतरवून घेण्याच्या या जागेला लोक कुली घाट म्हणत. ‘आप्रवासी’ हा सभ्य, संस्कृत शब्द स्वातंत्र्यानंतरचा. नाव बदलल्याने अपमान पुसला गेला, हे खरं, पण त्याबरोबर तो अपमान मुद्दाम लक्षात ठेवण्याची सोयही गेली, असं म्हणणारे त्याच समाजात भेटतात. जुन्या आवारातला मोठा भाग रस्त्या-बिस्त्यात गेला. २००६ मध्ये जागतिक वारसा ठरलेली जागा उणीपुरी १६४० चौरस मीटर आहे.

नैर्ऋत्य टोकाचा ल मोर्न डोंगर पळालेल्या गुलामांचा आसरा होता. गुलामी संपल्याचं सांगायला १८३५ मध्ये शिपाई वर आले आणि आपल्याला पकडायलाच आले असं समजून गुलामांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा आहे. तो २००८ मध्ये यादीत आला. इतिहासात आधी गुलामी, मग करारी मजुरी. यादीत क्रम उलटा लागला. डोंगराच्या पायथ्याशी, त्याच पन्नास पावलांत, आज महागडी हॉटेलं आहेत.

गंगा तलावाचं पावित्र्यही टप्प्याटप्प्याने आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रियोले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं, की डोंगरातल्या विवरातलं हे पाणी गंगेशी जोडलेलं आहे. मग तिथून पायी यात्रा निघू लागली. तेव्हा नाव परी तलाव होतं. १९७२ मध्ये गोमुखाचं पाणी आणून त्यात मिसळलं आणि ते गंगा तलाव झालं. ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती तर २००७ ची, आणि ती बडोद्याच्या सूरसागरमधल्या मूर्तीवर बेतलेली. प्रवासी कंपन्या मात्र ‘प्राचीन तीर्थ’ म्हणून विकतात.

भारतातून आलेल्या या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेले तुलनेने थोडे, बहुतेक रत्नागिरी आणि दक्षिण कोकणातले. त्यांची बोली घरांतून जवळजवळ गेली, पण जाखडी, कोकणातलं ते नाचगाणं, राहिली. तिला तिथे झाकरी म्हणतात. गणपती राहिला. १८९६ मध्ये हेन्रिएत्ता गावात एका मराठी घरी तो पहिल्यांदा बसला, असं मानतात. राष्ट्रीय सुट्टीही आहे, फक्त ती चतुर्थीची नसते. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, कारण गणपती दीड दिवसाचा आणि सुट्टी विसर्जनासाठी हवी. त्या दुपारी कास्कावेल गावाकडून माणसं फ्लिक-आं-फ्लाकला येतात. मूर्ती सुरूच्या बनातून खाली येते, आरती तिथेच, चुलींच्या राखेच्या बाजूला होते, आणि मग आरामखुर्च्यांच्या रांगेला वळसा घालून सगळे ओल्या वाळूवरून पाण्यात उतरतात.